वज्रकेतू तीनदा पडतो

या मंडळी, पुढे सरका! मागच्यांनो, खांबाला टेकून डुलकी काढायची असेल तर खुशाल काढा, पण घोरणं तेवढं सुरात असू द्या! कारण आज गोष्ट सुराचीच आहे. आधी एक प्रश्न विचारतो. माणूस जीव ओतून एखादं काम करतो — आणि ते फसतं. साधंसुधं नाही, पार फसतं! लोक पोट धरधरून हसतात. मग सांगा, ते काम देवाच्या दारी पोचतं, की उंबऱ्यावरूनच परत पाठवतात?

समोरच्या काकू मान हलवताहेत. पोचतं म्हणता? काल सुनेचा शिरा करपला तेव्हा हे आठवलं नाही वाटतं! असू दे, असू दे. ऐका!

सांगलीत नरहरपंत उपळेकर नावाचे नट होते. संगीत नाटकाच्या कंपनीत सगळं आयुष्य गेलं. आवाज कसा? पहाडी! पहिल्या रांगेतलं पोर दचकून आईच्या कुशीत शिरायचं. पण सूर? अहो, सुराचं आणि पंतांचं कधी जमलंच नाही. सूर इकडून यायचा, पंत तिकडून जायचे. म्हणून कंपनीच्या मालकांनी त्यांना कधी पद दिलं नाही. सेनापती व्हा, दूत व्हा, राक्षस व्हा — गायचं मात्र नाही! आणि संगीत नाटकात वन्स मोअर कुणाला मिळतो? गाणाऱ्याला! समोर नायक पद म्हणतोय, थिएटर ओरडतंय, ‘वन्स मोअर!’ — आणि आमचे पंत बाजूला भाला धरून उभे. रोज ऐकायचे, पण दुसऱ्यासाठी. एकदा, फक्त एकदा, तो माझ्यासाठी यावा, एवढीच त्या माणसाची भूक!

पुढे कंपनी बंद पडली. घरी बसायची वेळ आली. तेवढ्यात टीव्हीवाल्यांचा निरोप आला, जपानी कार्टून मराठीत आणायचंय, आवाज द्याल का? हल्लीची पोरं त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. मला कोण सांगणार? आमच्या पेटीवाल्या बंडोपंतांनी सांगितलं. बघा कसे लाजले! घरी भजनाचा रियाज चाललाय असं सांगतात आणि दार लावून कार्टून बघतात!

आता हे कार्टून कसं? मंडळी, इतकं वाईट कार्टून जपानात पुन्हा झालं नसेल! वीराचं नाव मराठीत ठेवलं वज्रकेतू. त्याच्या उजव्या हाताला कधी पाच बोटं, कधी सहा. घोडा धावतो, पण पाय जमिनीला लागत नाहीत. मागून झाड जातं, पुन्हा तेच झाड येतं, परत तेच! घोडा त्या झाडाभोवती प्रदक्षिणा घालतोय की काय, कळत नाही. आणि खलनायकाची मिशी? बोलायला लागला की डावीकडे, थांबला की उजवीकडे!

पण पंतांनी काम कसं घेतलं माहितेय? रंगभूमीचं घेतात तसं. अंघोळ करून, कंपनीतून आणलेल्या नटराजाला नमस्कार करून माइकसमोर उभे राहिले. ‘‘अरे नराधमा!’’ म्हणून असे गरजले की काचेमागे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याचा चहा सांडला. पडद्यावरचं तोंड केव्हाच मिटलेलं, पंतांचं वाक्य अजून घाट चढतंय!

मग आला वज्रकेतूच्या मरणाचा प्रसंग. जपानी चित्रात तो एक शब्द बोलत नाही. चार पानं गळतात, तो पडतो, संपलं. पंतांनी पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

‘‘हा न बोलता मरतो?’’

‘‘हो पंत, तसंच आहे,’’ रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

‘‘कसला वीर हा! आमच्याकडे पद म्हटल्याशिवाय कुणी मरत नाही!’’

‘‘पण पंत, त्याचं तोंड हलत नाहीये.’’

‘‘मनातल्या मनात गातोय तो. मनात गायला तोंड कशाला हलायला हवं?’’

आणि मंडळी, तिथे मालक नव्हते, अडवायला कुणी नव्हतं! पंतांनी डोळे मिटले, आणि जन्मभर घशात अडकलेलं पद सोडलं — ‘‘येतो गे भूमाते, घे मज पदरात!’’ त्यातलं ‘पदरा’ जे वर गेलं, वर गेलं... आणि ‘त’ खाली आला तो तिसऱ्याच रागात! अहो बंडोपंत, काढा बरं पेटीवर. नाही निघत? नाहीच निघणार, तो सूर पेटीत बसवलेलाच नाही!

पद झालं लांब, चित्र पडलं आखूड. टीव्हीवाल्यांना घाई. मग त्या रेकॉर्डिंगवाल्या पठ्ठ्यानं काय केलं? वज्रकेतूचं पडणं पुन्हा जोडलं. तरी गाणं उरलं, म्हणून आणखी एकदा जोडलं. तर मंडळी, वज्रकेतू तीनदा पडतो! पडतो, उभा दिसतो, पडतो, उभा दिसतो, पडतो. मरणालासुद्धा कंटाळा आला असेल हो!

कार्टून लागलं आणि सांगलीभर हसू झालं. पंत मंडईत गेले, तर भाजीवाली म्हणाली, ‘‘पंत, आणखी एकदा पडा की!’’ ती सहज म्हणाली बिचारी. पण पंतांच्या वर्मी लागलं. घरी आले, पिशवी ठेवली, बायकोला म्हणाले, ‘‘इंदू, आजपासून हा गळा बंद.’’ आणि बंद म्हणजे बंद! घरचं बोलणं हलक्या आवाजात. गणपतीच्या आरतीला सुद्धा नुसत्या टाळ्या. इंदूताई शेजारी उभ्या राहून वाट बघायच्या, आज तरी एक ओळ म्हणतील. आरती संपायची, टाळ्या थांबायच्या, आणि त्या माउली डोळ्यांना पदर लावून प्रसाद वाटायच्या. किती वर्षं गेली अशी!

मग पंतांचा गुडघा धरला. व्यायाम करून घ्यायला शाल्मली तगारे नावाची मुलगी घरी येऊ लागली. मोठी गोड पोर, पण हात असा की पैलवान रडेल! पहिल्याच दिवशी तिनं गुडघा वाकवला मात्र, आणि पंतांच्या तोंडून निघून गेलं — ‘‘अरे नराधमा!’’

पोरगी जागच्या जागी थिजली. गुडघा तसाच हातात.

‘‘आजोबा... वज्रकेतू? तुम्ही?’’

पंतांचा चेहरा पडला. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं उघड्यावर आलं! ती आनंदानं नाचायची बाकी होती. ‘‘आजोबा, आम्ही दर महिन्याला हॉल घेऊन तुमचं कार्टून बघतो! सगळे मिळून! या रविवारी चार वाजता आहे. याल ना?’’

‘‘हसायला जमता?’’

शाल्मली खोटं बोलली नाही. म्हणाली, ‘‘हो आजोबा. हसतो.’’

झालं! पंत उठून आत गेले. पण इंदूताईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. ‘‘अहो, लोकांनी हसून तुमचं एकदा नुकसान केलं. माझं तुम्ही रोज करताय! जा, चार शिव्या देऊन या त्यांना. पण मोठ्यानं द्या! मला तो आवाज ऐकायचाय.’’

बाई असावी तर अशी! का हो काका, बरोबर आहे ना? शेजारी बघून उत्तर द्या.

रविवारी पंत गेले. काठी आपटत. इंदूताई मागून. पंतांनी शाल्मलीला खुणेनं दटावलं, माझं नाव कुणाला सांगायचं नाही. शेवटच्या रांगेत बसले. मनात शिव्यांची तालीम चाललेली. हॉल पोरापोरींनी गच्च भरलेला. कार्टून सुरू झालं. घोडा निघाला आणि सगळे ओरडले, ‘‘आलं झाड! आलं झाड!’’ पंत ओठ आवळून बसले. मिशी इकडची तिकडे गेली... आणि काय सांगू मंडळी, पंतांनाच खुदकन हसू आलं! लगेच खोकल्यासारखं केलं त्यांनी. इंदूताईंनी पाहिलंच!

मग मरणाचा प्रसंग. पंतांनी दोन्ही कान झाकले. पण हॉल उभा राहिला — अख्खा हॉल! आणि सगळे गायला लागले, ‘‘येतो गे भूमाते...’’ पंतांनी हात हळूच काढले. मंडळी, सूर जिथे घसरतो ना, तिथे सगळे मिळून घसरले! नेमके तिथेच, तसेच, हौसेनं! वज्रकेतू तिसऱ्यांदा पडला, आणि छत उडेल असा गजर झाला —

‘‘वन्स मोअर! वन्स मोअर!’’

पंत ताडकन उठले. काठी आपटली. ‘‘बंद करा!’’

तो पहाडी आवाज! पोरं वळून बघतात तो काय, वज्रकेतू मागच्या रांगेत उभा!

‘‘माझी थट्टा करता?’’ पंत गरजले. ‘‘म्हाताऱ्या माणसाच्या फजितीचा तमाशा करता?’’

शाल्मली पुढे आली. ‘‘हसतो आजोबा, खूप हसतो. पण ज्याची थट्टा करायची त्याचं गाणं कुणी पाठ करतं का? कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी नापास झाले. तोंड दाखवायची लाज वाटायची. जेवण सुटलं होतं. मैत्रिणीनं हे कार्टून लावून दिलं. मी बघते तर काय, हा माणूस इतका चुकतोय, इतका चुकतोय — आणि मागे हटत नाहीये! आणखी जोरात गातोय! मी हसले. हसता हसता रडले. मग उठले आणि ताटावर बसले. इथे असे पुष्कळ आहेत, आजोबा.’’

कुठून तरी एक बारीक आवाज आला, ‘‘वन्स मोअर.’’ मग दुसरा. मग सगळे! पंतांनी इंदूताईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हातांचा कर्णा करून सगळ्यांच्या वर ओरडत होत्या, ‘‘वन्स मोअर!’’

पंत पुढे गेले. काठी शाल्मलीकडे दिली. घसा खाकरला. ठरवलं बरं का, आज सुरात म्हणायचं! डोळे मिटले, जपून सुरुवात केली, ‘पदरा’ वर नेलं, सांभाळून, सांभाळून... आणि ‘त’ पुन्हा तिसऱ्याच रागात! हॉल वेडा झाला! पंतही हसायला लागले, डोळ्यांतून धारा, आणि गाणं चालूच! आता पडायची वेळ आली. पंतांनी पवित्रा घेतला —

‘‘आजोबा, नाही! गुडघा!’’ शाल्मली किंचाळली.

आता? वीर मरणार कसा? तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण धाडकन आडवा झाला. मग रांगच्या रांग. अहो, अख्खा हॉल जमिनीवर पडला! उठला, पडला, उठला, पडला! पंतांच्या वाटचं पडणं पोरांनी आपल्या अंगावर घेतलं, आणि त्या सगळ्यांमध्ये आमचे पंत एकटे ताठ उभे!

दुसऱ्या दिवशी सकाळी उपळेकरांच्या घरातून भूपाळी ऐकू आली. बेसूर, खणखणीत. शेजाऱ्यांनी घाईघाईनं खिडकी लावून घेतली. इंदूताईंनी आपल्या घरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या उघडल्या.

तर काकू, आता सांगा, पोचतं की नाही? आणि मंडळी, त्या हॉलवाल्यांवर खूश होऊन घरी जाऊ नका. तुमच्याकडे बघा! कालचा दिवस कसा गेला? कुणावर ओरडलात, कुणाशी खोटं बोललात, पूजा करताना लक्ष दुधाच्या पातेल्यात! सगळा बेसूर कारभार! आणि तरी आज सकाळ झाली की नाही? ती कुणी दिली? वर बसून तो बघतो, पोट धरून हसतो, आणि म्हणतो, घ्या बाबांनो, पुन्हा म्हणा. इतका मोठा रसिक मिळालाय, आणि तुम्ही चुकण्याच्या भीतीनं नुसत्या टाळ्या वाजवता?

आज नाही चालायचं! उघडा तोंडं! बंडोपंत, पेटी कुठल्याही पट्टीत धरा, आम्ही तिला वाटेत कुठेतरी भेटूच. म्हणा, गजानना, मोरया...

हे काय पुटपुटणं? ओठ आवळून कोण बसलंय तिकडे? मोठ्यानं, गळा फाटेस्तोवर — वन्स मोअर!