मुरलेला स्पीकर

(जव्हार. अनीसचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. बाजूला त्याची बायको राबिया मशीनवर शिवते आहे. टेबलावर लाकडी पेटीचे दोन मोठे जुने स्पीकर आणि टेप. समोर स्टुलावर पोशेरा गावचा म्हातारा ढवळू.)

ढवळू : डाव्याला हात लावू नको. बिघाड उजव्यात हाय.

अनीस : कसला बिघाड, ढवळूबाबा? मी वाजवून बघितला. साफ वाजतो.

ढवळू : वाजतो, पण ओरडतो. डावा कसा पोटातून बोलतो. उजवा तसा करून दे.

अनीस : आमचा मुदस्सर म्हणतो, बाबांना सीडीचा नवा डबा घ्यायला सांगा.

ढवळू : तुझ्या पोराला सांग, ठाण्याच्या साहेबानं बंगला विकला तेव्हा बाकीच्या नोकरांनी भांडी मागितली. मी माळी, मी हे मागितले. एसटीच्या टपावर टाकून आणले. फाट्यापासून एक माझ्या डोक्यावर, एक रंगूच्या. वीस वर्षं झाली. आता डबा घेऊ?

राबिया : रंगूमावशी सांगायची मला. म्हणायची, नवऱ्यानं सवत आणली ती माझ्याच डोक्यावरून.

ढवळू : बोलायची तसं. पण जाईपर्यंत झोपली डाव्याच्याच बाजूला. तिला पण तोच आवडायचा. आधी दोन्ही सारखेच होते. डावा दरसाल थोडा थोडा मुरत गेला.

अनीस : स्पीकर मुरत नाही, बाबा. लोणचं मुरतं.

ढवळू : अठरा वर्षं दुकान चालवून तुला एवढंच कळलं?

अनीस : मग उघडूनच बघू. डाव्यात काय आहे ते बघितल्याशिवाय उजवा तसा कसा करू? हे स्क्रू आधी कुणी खोललेत? विळ्यानं ओरबाडल्यासारखे दिसतात.

ढवळू : कुणी नाय. घरात मी सोडून त्यातलं कुणाला काय कळतं?

अनीस : हे काय आहे मग?

ढवळू : कापूस असेल. कंपनीचा.

अनीस : कंपनी फुलाफुलांचं कापड भरत नाही. चिंध्या आहेत, ठासून भरलेल्या. आवाज दबलाय तो ह्यांनी.

ढवळू : दबला नाय, गोड झालाय. पाड्यावर कुणालाही विचार. तुषार मास्तर मुद्दाम डाव्याजवळ बसायचा.

राबिया : इकडं द्या बघू. ही आमच्या अरीबाच्या फ्रॉकची कातरण. पोरगी आता बारावीला आहे. ही शाळेच्या गणवेशाची. ही माझ्या नणंदेच्या लग्नातली. सगळी मीच दिलेली. मावशी बाजाराला आली की पिशवीभर न्यायची. म्हणायची, गोधडी शिवते.

ढवळू : घरात अशी गोधडी नाय.

राबिया : मीही कधी विचारलं नाही, झाली का म्हणून.

अनीस : म्हणजे बाबा, तुम्ही गावभर तारीफ केली ती आमच्या बायकोच्या कातरणीची.

ढवळू : मला सांगायचं ना तिनं.

राबिया : सांगितलं नव्हतं?

ढवळू : जरा हळू लावा, म्हणायची. ते सगळ्याच बायका म्हणतात.

राबिया : हो. सगळ्याच म्हणतो.

अनीस : आता बोला. उजव्यात चिंध्या भरू, की ह्याच्यातल्या काढू?

ढवळू : काढून वाजव.

अनीस : थांबा, तार जोडतो. हं. ऐका.

ढवळू : हळू कर जरा.

अनीस : आवाजाचं बटण हलवलंच नाही मी. टेप तुमचाच आहे. चुन्यानं खूण केलीय, तिथंच काटा आहे.

ढवळू : एवढा होता?

राबिया : चूल पण ह्याच बाजूला ना, बाबा?

ढवळू : चूल, जातं, अंथरूण, सगळं. मी ओटीवर बसायचो, लांब. माघात ती तापानं पडली तेव्हा रोज लावायचो. म्हटलं, तिला बरं वाटेल.

अनीस : बंद करतो.

ढवळू : नको. चालू दे.

अनीस : तुम्ही उजवा डाव्यासारखा करायला आणलात, आणि डावाच उजव्यासारखा झाला. चिंध्या परत भरतो. कुणाला कळणार पण नाही.

ढवळू : नको भरू. असाच नेतो.

अनीस : आणि ओरडला तर?

ढवळू : ओरडू दे. त्या बाजूला आता मी झोपतो.