गुणाजी, हलू नकोस

— थांब! थांब, थांब, थांब. तिथेच उभा राहा गुणाजी, उंबऱ्यावरच. आत येऊ नकोस. मागेही सरकू नकोस. एक पाय आत, एक पाय बाहेर — अस्सा! झाला ना गोल! बघितलास? आपला गोल, आपला! तू दारात पाऊल टाकलंस आणि तिकडे टीव्हीवर आपल्या लेफ्ट-इननं बॉल असा दण्णकन हाणला मागच्या फळीवर की त्यांचा गोलकीपर बघतच राहिला. एक-शून्य! ह्या गोऱ्यांच्या पुढे आपण एक-शून्य! दुपारपासून एकटा बसून घसा फोडतोय, काही नाही, आणि तू आलास न् गोल. आता मॅच संपेपर्यंत तू तिथून हलायचं नाहीस. माहीत आहे मला, खाली टॅक्सी उभी आहे. उभी राहू दे. तिचं कामच आहे ते.

हो, बोललो. तुझ्याशी बोललो मी, पाच वर्षांनी बोललो. त्यात डोळे एवढे मोठे करण्यासारखं काय आहे? गोल झाला की माणूस समोर दिसेल त्याच्याशी बोलतो, तिथे तुझ्याऐवजी पोस्टमन असता तर त्याच्याशी बोललो असतो. अबोला मोडला असं समजू नकोस. अबोला आपल्या जागी आहे. आणि कारणही आपल्या जागी आहे — काय, विसरलास? ह्याच खोलीत, ब्याऐंशी साली, दिल्लीचं एशियाड, पाकिस्तानबरोबर हॉकीची फायनल. सगळी बिल्डिंग इथे कोंबलेली, खिडकीत पोरं बसलेली. पहिला गोल कुणाचा? आपला! आणि आपला नियम काय? तूच केलेला नियम, कंपनीच्या टीममध्ये असल्यापासूनचा — एकदा आपण पुढे गेलो की जो जिथे बसलाय तिथे बसला, मांडी मोडायची नाही, घागरीतलं पाणीसुद्धा मागायचं नाही. मी नाही उठलो. आमची नलिनी नाही उठली, तिचं दूध उतू गेलं तरी. आणि उठलं कोण? तू! कशाला, तर तंबाखू थुंकायला! अरे मेल्या, गिळायची होती! देशासाठी माणूस काय काय करतो, तुला एक चिमूट तंबाखू गिळता आली नाही? तू मोरीपर्यंत जाऊन आलास तोवर बरोबरी. मग दोन, मग तीन… सात! सात गोल बसले गुणाजी. पेपरवाल्यांनी गोलकीपरला धरला बिचाऱ्याला. त्यांना काय माहीत, खरा माणूस मुलुंडला राहतो म्हणून.

हसू नकोस, हलतोस तू हसताना.

बघ, बघ, आता हा नवा कोच बघ. नवा म्हणजे काय, जुन्याला हाकलला म्हणून हा नवा. लंडनला वर्ल्ड कपमध्ये बारा टीम, त्यात आपण बारावे — तेरा असत्या तर तेरावे आलो असतो — मग धरा कोचला, काढा कोचला. अरे, दर वेळी कोच बदलता, खेळ कधी बदलणार? म्हणजे — खेळ बदलू नका असंच माझं म्हणणं आहे, पण — तू गप्प बस. नाही, बोलला नाहीस तू, पण तुझ्या मनात काय आलं ते कळलं मला. तुझं आपलं एकच. ॲस्ट्रो-टर्फचं नकली गवत आलं, दम पाहिजे, मागे माणसं वाढवा, लांब फटका मारा, पळा. ह्याला काय हॉकी म्हणतात? ही तर डाक टाकायची पद्धत झाली, इथून टाका तिथे पोचली. आपली हॉकी कशी? पाच फॉरवर्ड, बॉल काठीला चिकटलेला, एकाला चकवला, दुसऱ्याला चकवला, तिसरा आपणहून बाजूला झाला. सुंदर! बघत राहावं. आता त्या चकवाचकवीत गोल कमी होतात, हे कबूल. पण सुंदर!

आज काय खेळतोय तो? हां… आज मागे चार जण ठेवलेत त्यानं. लांब पास देतात. म्हणजे तू म्हणतोस तसंच झालं साधारण. योगायोग आहे. मी काही तू बरोबर होतास असं म्हणत नाही, मी म्हणतो योगायोग आहे. त्या कोचला कुणी सांगितलं असेल? तुझ्या वनमालेनं पत्र घातलं की काय दिल्लीला? कारण इथे तर तिच्यातर्फेच चालायचं सगळं. हो की नाही? नलिनी बांगड्याची वाटी घेऊन तुमच्याकडे निघाली की मी हळूच सांगायचो, सहज विचार त्यांच्याकडे, राइट-आउटला बाहेर बसवला ते कुणाला पटलं का. आणि वाटी परत यायची तेव्हा वाटीत तिसऱ्यांचं सुकं आणि सोबत उत्तर — 'ते म्हणतात, राइट-आउटला मागे पळायला नको असतं, तो शेठजी आहे.' शेठजी! मी दिवसभर जेवलो नव्हतो त्या शब्दावर. तिसऱ्या खाल्ल्या, त्या वनमालेच्या हातच्या होत्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. समोरासमोर दारं आपली, चार पावलं, आणि बायका बिचाऱ्या पेनल्टी कॉर्नर इकडून तिकडे न्यायच्या पाच वर्षं. नलिनीला आता ऑफसाइड माझ्यापेक्षा बरा कळतो. परवा भाजीवाल्याला म्हणाली, पुढे एकटाच काय उभा राहतोस रे, ऑफसाइड होशील.

टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. कॅरिअरवर ट्रंक नीट बांधलेली नाही त्यानं, आधी तेवढं सांग त्याला. हिरव्या ट्रंकेवरून एकच फेरा घेतलाय दोरीचा, एस.टी. स्टँड यायच्या आत सुटेल. आणि गादीची वळकटी वर कशाला ठेवली, ती खाली हवी होती, आणि वनमालेच्या मांडीवर ती टोपली — नाही, मी कुठे बघतोय? मी मॅच बघतोय. ह्या खुर्चीतून खिडकी दिसते त्याला मी काय करू? सकाळी खुर्ची जरा सरकवली, टीव्हीवर ऊन यायचं म्हणून. दिसलं ते दिसलं.

आणि त्या दिवशी सोसायटीनं तुला शाल-नारळ दिला तेव्हा मला ताप होता. नलिनीनं सांगितलंच असेल. काय सांगितलं? ताप नव्हता म्हणून सांगितलं? ही बाई ना… बरं, नव्हता ताप. पण कशाला येऊ मी? तिथे उभं राहून सगळ्यांसारखं म्हणू, 'गुणाजीराव गेले की चाळ सुनी होईल'? ह्या बिल्डिंगीला तू जातोस त्याचं काय आहे? त्र्याऐंशीपासून सगळे क्रिकेटवाले झाले. पोरं, बायका, तो दुधवाला भैयासुद्धा स्कोअर विचारतो. एवढी खोली भरायची, आता बघ, आहे कोणी? इंडियाची मॅच चालू आहे आणि घरात मी एकटा. हॉकी बघणारे अख्ख्या बिल्डिंगीत दोन उरले. एक मी, आणि दुसरा तंबाखूवाला.

तुझी खोली घेतली तो — अंबादास ना? मी विचारलं त्याला. जिन्यात गाठलं, म्हटलं, या राहायला, आनंद आहे, हॉकी बघता का? तो म्हणाला, 'नाही हो काका, मला खेळाचंच वेड नाही.' खेळाचंच वेड नाही! क्रिकेटवाला असता तरी चाललं असतं, निदान भांडला असता. आता मी कुणाचं चुकलं म्हणू? नलिनीकडे वाटी देऊन पाठवू कुठे? तो म्हणेल, काकू, भाजी छान झालीय. मी काय करू त्या भाजी-छानचं?

कंपनी बंद पडली, कबूल. पोरगी लग्न होऊन गेली, कबूल. पण म्हणून खोली विकायची? नलिनीनं मला सांगितलं तेव्हा कागद झाले होते. आधी विचारायचं कुणाला तरी. माझं म्हणत नाही मी, कुणालाही. गावाक जावन करतलंस काय? मागल्या पडवीत बसून माड मोजणार? तिथे टीव्ही नाही, पेपर दुसऱ्या दिवशी, रेडिओ लावलास तर नुसती खरखर. आपण हरलो की तुला चार दिवसांनी कळणार. आणि मी इकडे त्याच दिवशी हरणार, एकटा! हा काय न्याय झाला? डावीकडून तू बॉल द्यायचास म्हणून मी मधे उभा राहायचो गुणाजी. लेफ्ट-हाफच निघून गेला तर सेंटर-हाफनं करायचं काय — हे बघ, मी खेळाचं बोलतोय. खेळाचंच बोलतोय. डोळ्यांना हात लावू नकोस, हलू नकोस म्हटलं ना.

पेनल्टी कॉर्नर! त्यांना मिळाला. शेवटची मिनिटं आणि पेनल्टी कॉर्नर, हेच, हेच मी म्हणतो, सर्कलमध्ये पाय मधे घालायची काय गरज होती त्या बॅकला? आता कुणी श्वास घेऊ नका. गुणाजी, तू तसाच. चौकटीला धरलेला हात सोडू नकोस. खोकला आला तर दाब. एवढा एक कॉर्नर वाचला की जिंकलो आपण, मग तू खुशाल जा — खुशाल म्हणजे… बघू, आधी कॉर्नर. उभे राहिले बघ ते गोरे रांगेत. काढला बॉल… अडवला… मारला —

गेला.

एक-एक.

हललास? खरं सांग, हललास ना? पाय उचललास, नाहीतर मान वळवलीस, काहीतरी केलंस. नाही? नाही हललास. शपथा कशाला घेतोस, मला माहीत आहे नाही हललास ते. मी बघत होतो ना. टीव्हीकडे कुठे, तुझ्याकडेच बघत होतो मघापासून. पुतळा झाला होता तुझा. तरी गोल बसला.

म्हणजे मग दिल्लीच्या त्या सात गोलांना तुझं उठणं…

काही नाही. काही म्हणत नाही मी. अजून मिनिट-दोन मिनिटं आहेत, पण आता तिथे उभं राहून उपयोग नाही तुझा. जा. वनमाला ताटकळलीय, नलिनी रडत असेल गाडीच्या खिडकीला धरून, आणि एस.टी. काही तुझ्या-माझ्यासाठी थांबायची नाही. जा म्हणतो ना. माझ्याकडे काय बघतोस असा? हो, उठलो मी. मॅच चालू आहे ते मला दिसतंय, बरोबरी आहे तेही दिसतंय. उठलो, काय म्हणणं आहे? ती ट्रंक तुला नीट बांधता येणार नाही, जन्मात आली नाही. तू हो पुढे. हो रे पुढे, आलो मी. चपला दिसेनात मला, कुठेशा ठेवल्यायत.