गाडीची पांढरी टोपी

चहा तुमचा, अन् दर खेपेले तोंड मीच वाजवायचं? ऐका, पण मधात बोलू नका.

माझ्या पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यात, माल भरतो तिथं, वारा भरे अन् गाडी डिझेल ढोसे. म्हणून मी बांबूच्या कमच्यांचा मागं उतरता सांगाडा केला, त्यावर पांढरं मांजरपाट ताणलं. एकट्यानं उचलावी इतकी हलकी टोपी झाली. नागपूरहून परततानी डिझेल खरंच वाचून राहिलं होतं. सौंसरले गाडी उभी करून मी चहा प्यायले गेलो.

रामाकोन्याले घरी पोचलो तं दारात ही गर्दी, अंगणात गोवऱ्या पेटलेल्या. बायको रडून राहिली होती, अन् शेजारची म्हातारी तिच्या बांगड्या फोडायले दगड घेऊन बसली होती.

मी गाडीतून उतरून विचारलं, "कोण मेलं वं?"

बायको म्हणाली, "तुम्ही!"

सौंसरले माझ्या साळ्यानं गाडीवरचे बांबू अन् पांढरं कापड पाहिलं. मी दिसलो नाही. आत डोकावायचं सोडून त्यानं बस पकडली अन् घरी बातमी दिली.

वरून मलेच म्हणे, "भाऊजी, गाडीची तिरडी कराल तं माणूस काय समजन?"

टोपी बायकोनं त्याच गोवऱ्यांवर जाळली. माफी अजून आली नाही. मागायची कोणी, तेही ऐका: मधुकर मास्तरनं, म्हणजे माझ्या त्याच साळ्यानं.