कस्तुरी-बैलाचं वासरू

—नाही हो, चोरीला कशाला जाईल, एवढं धूड कोण उचलणार? कस्तुरी-बैल ना, तो बर्फातला लांब केसांचा? हलवला त्याला, आज सकाळीच, शेजारच्या दालनात, शेळ्या-मेंढ्यांत. हसलात ना? मीही हसलो होतो. या संग्रहालयात पहारा करता करता केस पिकले माझे, त्याला कायम बैलांतच पाहिलं — अंगानं बैल, नावानं बैल — आणि आता तज्ज्ञ म्हणतात, रक्त शेळी-मेंढीचं. डोंगरात ती गोरल नावाची बकरी असते ना, ती म्हणे याच्या नात्यातली. असेल, त्यांचा अभ्यास आहे, आपण कोण नाही म्हणणार?

पण हे वासरू बघा. हे गव्याचं. फार पूर्वी कुणीतरी चुकून याला कस्तुरी-बैलाच्या पोटाशी उभं केलं, त्याचंच पिल्लू समजून, आणि राहिलं तसंच. लांडगे आले की हे प्राणी पिल्लांना मधे घेऊन कडं करतात म्हणे — तसा उभा होता तो, याला झाकून. आता हे इथंच, गव्यांत. बरोबरच आहे, याचं रक्त इथलं. काय म्हणता, पेंढा भरलाय? हो हो, पेंढाच आहे, मला कळत नाही का? फक्त पाठीवरची लव बघा, कशी चपटी झालीय त्याच्या केसांखाली राहून राहून. सकाळी विंचरली मी, उठत नाही.

आमची चिमी शाळा सुटली की इथंच बसायची, या कठड्यावर. बाबा, हे त्याचंच ना? — त्याचंच गं, म्हणायचो. दुसरं काय सांगणार? तीही माझी... म्हणजे बायकोची, पहिल्या लग्नाची. आली तेव्हा रांगत होती. मग बायको गेली, वेणी घालायलासुद्धा शिकलो मी — आणि आता तिचा बाप परत आला. सख्खा. कायदाही त्याच्याच बाजूनं. माणूस वाईट नाही हो, वाईट असता तर भांडलो तरी असतो. घेऊन गेला. घरात करमत नाही मला, खरं सांगतो, तिचा कंगवा दिसला तरी जीव तुटतो.

आज आणणार होता तिला, भेटायला — ती बघा, दारात. वेणी कुणी घातलीय कोण जाणे, सैल आहे. ये गं चिमे, ये—

काय म्हणालीस?

...हो. काकाच. बरोबर आहे, काकाच म्हणायचं आता.

तुम्ही व्हा पुढे, साहेब. शेळ्या-मेंढ्या डावीकडे.