बिबट्याची मूळ प्रत

अरे, आयुष्यभर जुन्या पोथ्या चाळल्या आणि आता अंधेरीत पोरांना पत्रकारिता शिकवतो. त्यात माझी कशी वाट लागली ते ऐका.

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत बिबट्या शिरल्याचा मेसेज सगळीकडे फिरत होता. मी वर्गात तोच घेतला. म्हटलं, "हे पोथीसारखंच असतं. नक्कल करणारा प्रत्येक जण पदरचं काहीतरी घालतो. सगळ्यात छोटा मजकूर शोधा, मूळ तिथेच सापडेल. ही पुडी ज्याने सोडली, त्याचं नाव कॉलेजच्या अंकात पहिल्या पानावर छापू!"

पोरं भिडली. पवईला पोचलेल्या मेसेजात दोन बिबटे होते, मरोळच्या मेसेजात तर बिबटीण पिल्लांसकट. शेवटी आमची तेजल माझ्याच सोसायटीतल्या एका काकूंच्या मोबाइलपर्यंत पोचली. त्यांच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकच ओळ होती: "बागेत बिबट्या दिसला म्हणे."

"पाठवली कुणी?" मी गरजलो.

"नाव माहीत नाही सर. पण डीपीत त्या बाईंच्या शेजारी तुम्ही आहात."

बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. "अगं, बिबट्या पाहिलास कुठे?"

"पाहिलाय कुठे? 'म्हणे' लिहिलंय ना! रोज बागेत गप्पा झोडत बसायचास, इथे जेवण गार व्हायचं. आता गेला आठवडाभर बघ, कसा वेळेवर घरी येतोयस."

वर्गात परतलो, तर तेजल लॅपटॉप उघडून तयार. "सर, पहिल्या पानावर नाव काय टाकू?"

म्हटलं, "पोरांनो, आता पुढचा धडा. पत्रकाराने जीव गेला तरी आपला सोर्स सांगायचा नाही."