निळीच्या मागून

हॅलो?… हॅलो?… हां, बोल गं ताई… येतंय, ऐकू येतंय. जरा हळू बोल, तुझा बाप काही अजून बहिरा झाला नाही.

जेवलो? अगं, आत्ता कुठे दिवे लागलेत… चहा झाला. आईने केला. तिनेच सांगितलं ना तुला फोन करायला?… बघ, वाटलंच मला. समोर उभी राहून मान हलवतेय, नाही-नाही म्हणून. हिला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे, हिला सोडून.

काय सांगितलं तिने?… अबोला? छे! होता. संपला. काल संपला… हो, छोटीबरोबरच. दुसरं कोण आहे घरात माझ्याशी भांडायला?… नाही, आईशी भांडण नसतं, आईपुढे फक्त ऐकायचं असतं… हो, हो… अगं ऐक ना! तू मध्ये मध्ये बोललीस तर मला सुधरत नाही.

तर झालं असं. केलं तिने निळीला नापास. तुझ्या सख्ख्या बहिणीने, सख्ख्या बापाची व्हॅन, सगळ्या लायनीसमोर.

हसू नकोस… हसतेयस. मला कळतं.

अगं, धूर तपासायची तारीख आली होती. पूर्वी मी पुलाजवळच्या केंद्रात जायचो. यंदा म्हटलं, आपली पोरगीच तिच्या केंद्रात धूर तपासायला बसते, तर आपण दुसरीकडे का जायचं? इस्त्रीचा शर्ट घातला. निळीला आदल्या दिवशी धुतली, काचा पुसल्या, सीटांखालच्या शाळेच्या पोरांच्या पेन्सिली आणि शेंगदाणे काढले. लायनीत पुढे एक टेम्पोवाला, मागे एक रिक्षावाला, दोघांनाही सांगून झालं, आत बसलीय ना, ती माझी मुलगी… मग? सांगायचं नाही?

माझा नंबर आला. ती बाहेर आली. मी हसलो. ती हसली नाही! मला म्हणाली, “गाडी न्यूट्रलला घ्या.” घ्या! मग सायलेन्सरमध्ये ती नळी घातली आणि म्हणाली, “रेस करा.” केली. “पूर्ण करा. सोडा. पुन्हा करा.” अशी कितीदा तरी करायला लावली. मला वाटलं, सगळ्यांसमोर कडकपणा दाखवतेय. मनातून जरा बरंही वाटलं. मग ती यंत्राकडे बघत राहिली. बघतच राहिली. आणि बारीक आवाजात म्हणाली, “बसत नाही.”

म्हटलं, काय बसत नाही? “मापात बसत नाही. नापास आहे.”

…हो, एवढंच. “बाबा”सुद्धा म्हणाली नाही.

मग मी बोललो. बोललो म्हणजे… ओरडलो गं थोडा. म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय. तर तिने माझ्या मागच्या रिक्षाला बाजूला घेऊन एक नवी बस लावली आणि तीच नळी घातली. बस पास! मी म्हटलं, नव्या गाडीचं माप माझ्या जुन्या गाडीला लावतेस, हा कुठला न्याय? त्यावर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, “नव्याचं नाही लावलं. निळी ज्या वर्षी तयार झाली, त्या काळचंच माप लावलंय. ते ढिलं आहे. त्यातही ती बसत नाही.”

टेम्पोवाला निघून जायला हवा होता ना तोवर? नाही. चहा पीत उभा. सगळं ऐकून गेला.

…हो, दुरुस्तीला मुदत मिळाली होती की. मिस्त्रीकडे नेली. त्याने नोझल साफ केले, फिल्टर बदलला, पंप उघडून बसवला. परत नेली. परत नापास! मिस्त्री म्हणाला, काका, पोरीचं काही चुकलेलं नाही, इंजिन दमलंय… हो ना, माझ्या बाजूने कुणीच नाही. तुझी आईसुद्धा नाही. मी म्हटलं, बापाची गाडी नापास केली, तर ही म्हणते, “मग काय करायचं होतं तिने, बापाची म्हणून पास करायची होती?”

तर असा तो अबोला. घरात एका टेबलाशी तिघं. मी म्हणायचो, तिला म्हणावं मीठ इकडे दे. ती म्हणायची, त्यांना म्हणावं मीठ कमी खा. आई मधे बसून दोघांकडे बघायची, आणि शेवटी मिठाची बरणी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

…पुलाजवळ? अगं, आला होता ना तो टेम्पोवाला सांगायला. काका, तिथे दुसऱ्याच गाडीत नळी घालतात, आपली पास होते. मी म्हटलं, तू चहा पी आणि जा… नाही गं. चिडलो होतो, पण पोटच्या पोरीला खोटी पाडायला निघालो नव्हतो.

थांब हं… अगं, ताईच आहे… हो, विचारतो… आई विचारतेय, तुझा खोकला बरा आहे का?… बरा आहे म्हणतेय… गरम पाणी पी म्हणते.

हां. तर काल रविवार. सकाळी छोटी माझ्यासमोर येऊन उभी. हात पुढे. “बाबा, निळीची चावी द्या.” म्हटलं, कशाला? “द्या. तुम्ही माझी स्कूटर घ्या आणि माझ्या मागून या.” एवढ्या दिवसांनी स्वतःहून बोलली, तर कसं नाही म्हणणार? तिचं हेल्मेट घातलं. डोकं आत जाईना. निम्मं कपाळावर, निम्मं आकाशात. आई खिडकीतून बघून हसायला लागली.

तर ती पुढे निळीत, मी मागे स्कूटरवर. आणि मला अचानक वाटलं, अरे, ही तर मला ओळखूच येत नाहीये… निळी गं! मी तिला मागून चालताना कधी बघितलंच नव्हतं. उभी असताना बघितली, धुताना बघितली. चालताना कशी बघणार? चालवायला मीच आत. मागचा डावा दिवा जरा लटकतोय. कंबर एका बाजूला कलते, तुझ्या आजीसारखी. मला हसू आलं.

मग दवाखान्याचा चढ आला… हो, तोच, शाळेच्या अलीकडचा. तिने गिअर टाकला.

…आहे, आहे, फोन चालू आहे.

तिने गिअर टाकला आणि निळीच्या मागून जो लोट आला ना ताई… काळा. नुसता काळा. मला रस्ता दिसेना. डोळे झोंबले, घशात काहीतरी खरखरीत जाऊन बसलं. आणि माझा हात, मी न सांगता, असा तोंडावर गेला.

आणि मी स्कूटर थांबवली.

…नाही, पडलोबिडलो नाही. हातामुळे थांबलो. तो तोंडावर गेलेला हात मी रोज बघतो गं. पोरांना शाळेच्या फाटकाशी उतरवलं की मी गिअर टाकून निघतो, आणि आरशात ती सगळी दिसतात. ओळीत उभी. तोंडावर हात ठेवलेली. इतकी वर्षं मला वाटायचं, हसताहेत. म्हातारा काका, म्हातारी गाडी, म्हणून तोंडावर हात ठेवून हसताहेत. मी खूश होऊन दोनदा हॉर्नसुद्धा वाजवायचो त्यांच्यासाठी.

…

हॅलो? आहेस ना?… अं… हो. हो बाळा.

नाही, आता बरा आहे.

तेव्हा नव्हतो. रस्त्याच्या कडेला बसलो, ते हेल्मेट मांडीवर घेऊन. छोटीने वर गाडी उभी केली आणि चालत खाली आली. मला वाटलं, आता म्हणणार, बघितलंत? पण तिने रुमाल काढला आणि माझं तोंड पुसायला लागली. लहान पोराचं पुसतात तसं, हनुवटी धरून. रुमाल काळा झाला. मी म्हटलं, मला शब्दाने सांगायचंस ना. तर म्हणाली, “शब्दाने सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता, आणि वादात तुम्ही जिंकता.”

मग तीच रडली! अगं, त्या दिवशी मला नापास करून झाल्यावर ही आत जाऊन रडत होती म्हणे. मी तिला त्याच गाडीत चालवायला शिकवलंय ना… हो, तुलाही शिकवलं. तू भिंतीला लावलीस, ती गोष्ट वेगळी.

मग बसलो तिथेच दोघं, बराच वेळ. मी विचारलं, काय गं, ही मापं ठरवतं कोण आणि सारखी कडक कशाला करतात? तर समजावलं तिने. म्हणाली, माप कडक झालं की कंपन्यांना इंजिन सुधारावंच लागतं. इंधनसुद्धा स्वच्छ करावं लागतं. नव्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या आधी एक जाळी असते म्हणे, ती काजळी धरून ठेवते आणि आतल्या आत जाळून टाकते. “माप नसतं तर बाबा, आजही कारखान्यातून सगळ्या निळ्याच बाहेर पडल्या असत्या.” आणि चांगल्या सगळ्या गाड्या मिळून जेवढं हवेत सोडतात, त्यात आपल्यासारख्या थोड्या दमलेल्या गाड्या केवढी तरी भर घालतात. म्हणून एकेक शोधून काढायची.

पटलं गं मला. मी नवीन ड्रायव्हर होतो ना, तेव्हा दुपारपर्यंत शर्टाची कॉलर काळी व्हायची. आता संध्याकाळपर्यंत टिकते. तुझी आई इतकी वर्षं म्हणते, साबण चांगला आला. काल छोटी तिला म्हणाली, “आई, साबण तोच आहे. बाहेरच्या गाड्या बदलल्या.” आईला अजून पटलेलं नाही… बघ, अजूनही मान हलवतेय.

…काय? पुढे काय म्हणजे?

तेच सांगायचं होतं. म्हणजे… उद्या सकाळी निळी जाणार.

भंगारात नाही गं म्हणायचं तसं… म्हणजे तिथेच. सुटी करतात. पत्रा वेगळा, काच वेगळी, सगळं नीट काढून घेतात. छोटीने चौकशी केलीय… अगं, रडतेस कशाला? ए ताई… ए वेडाबाई… मला ठाऊक आहे. तुझी गादी, तुझी पुस्तकांची खोकी, सायकल टपावर बांधून तुला हॉस्टेलवर सोडायला आलो होतो तिच्यातूनच. परत येताना मी एकटा होतो, तेव्हा तू नाही बघितलंस मी कसा चालवत आलो ते. जाऊ दे.

विकता आली असती. दुसऱ्या गावचा एक माणूस मागत होता. पण मग ती तिकडच्या पोरांच्या तोंडावर धूर सोडणार ना? इथली पोरं ती पोरं, आणि तिकडची काय…? नाही म्हटलं.

मी? मी काय करणार म्हणजे? आज सकाळी शाळेत गेलो होतो. मोठ्या बाई मागे लागल्या होत्या ना कधीपासून, शाळेने बॅटरीवरच्या व्हॅन घेतल्यात, काका तुम्ही चालवा म्हणून. मी ताठ्यात होतो. स्वतःच्या गाडीचा मालक माणूस, या वयात दुसऱ्याच्या गाडीवर हजेरी लावायला जाऊ? आज जाऊन हो म्हणून आलो… लागतं गं मनाला थोडं. खोटं कशाला बोलू? पण पोरं तीच आहेत. आपल्या व्हॅनमधलीच.

चालवून बघितली ना! बसलो, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी म्हटलं, अहो, बॅटरी उतरलीय हिची. तर शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, काका, मघाशीच सुरू झाली होती, तुम्हीच चालू-बंद करताय!… हस, हस. आई पण हसतेय.

हो… बोल ना… काय ऐकायचंय?

निळीचा आवाज? आत्ता?

…बरं. थांब, खाली जातो… अगं ए, मी खाली जाऊन येतो! हो, स्वेटर आहे अंगात!… जिना उतरतोय, जरा तुटक येईल… ऐकू येतंय?… आलो.

अरे! छोटे, तू काय करतेस इथे? अंधारात एकटी बसलीस मागच्या सीटवर?… ताई, तुझी बहीण आधीच येऊन बसलीय. डोळे लाल आहेत… धूळ गेली म्हणतेय. बरं, धूळ.

तर… चावी लावली हां मी… लावली…

नाही गं ताई. नको.

अगं, तळमजल्यावर तान्हं बाळ आहे. त्यांची खिडकी इथेच उघडते. सगळा धूर आत जाईल. एवढ्यासाठी नको… हो, मला कळतंय, शेवटचं… हो…

बरं, असं करू. ऐक. मीच काढून दाखवतो आवाज… तोंडाने! मला माहीत नसेल तर कुणाला असेल? शांत राहा. आधी अशी करते… घुर्र… घुर्र… घुर्रर्र… मग खोकते… खळ्ळ, खळ्ळ… मग जरा विचार करते… आणि मग धडधडधडधड… हसतेस काय! थंडीत तर आणखी… छोटे, तू दाराचा आवाज काढ. नाही, तसा नाही, दोनदा आपटावं लागतं तसा… हां! ऐकलंस?… आता पहिला गिअर… घर्रर्र… दुसरा…

हॅलो?… ताई?… हॅलो?

कट झाला गं. इथे खाली रेंज टिकतच नाही.

…तू का थांबलीस छोटे? हॉर्न वाजव की तोंडाने. तिसरा गिअर टाकायचाय अजून.