टायरवाल्या फलकावरची बाई

महामार्ग कार्यालयात जाहिरात फलकांच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या मागे एक ट्रकचालक आणि त्याची बायको.

"अगं, हसतेस काय? आपला फलक उतरवायची नोटीस निघालीये."

"आपला कसला? टायरवाल्याचा आहे. त्यावर मी आहे, एवढंच."

"पंचवीस वर्षांपूर्वीची तू! टायरला टेकून उभी, केस मोकळे सोडलेले..."

"टायरच जास्त चकचकीत दिसतो."

"गप्प बस. म्हणे वाहनचालकाचं लक्ष विचलित होतं! असली तक्रार करतं तरी कोण?"

"नियमच आहे तसा. लक्ष जाईल असा फलक रस्त्याकडेला चालत नाही."

"पंचवीस वर्षं ट्रक चालवतोय तिथून. माझं गेलं कधी लक्ष?"

"मागच्या वर्षी तिथेच नाल्यात उतरला होतात."

"धुकं होतं."

"भर दुपारी?"

"ते सोड. तो तक्रारवाला सापडू दे, बघतोच त्याच्याकडे."

"बघा की. शेजारीच उभी आहे."

"तू? स्वतःच्याच फोटोविरुद्ध?"

"जाता-येता तिला तीन-तीन हॉर्न देता. घरापुढे ट्रक लावताना मला कधी एक तरी दिलात?"

"अगं बाई, ती तूच ना!"

"मग मला द्या."

"आणि हा हरकतीचा अर्ज?"

"फाडा. चला."

दोघं खिदळत बाहेर पडली. माझा नंबर आला आणि आवारातून तीन लांबलचक हॉर्न ऐकू आले. खिडकीतला कारकून वैतागला.

"हॉर्न वाजवू नका म्हणून दारातच एवढी मोठी पाटी लावलीये. एकाचं लक्ष जाईल तर शपथ!"